लोणी सर

टिळकवाडीतल्या माणसाचं निम्मं आयुष्य रेल्वे गेटपाशी जातं, असं आमचे वडील म्हणायचे. पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट. पत्ता सांगतानाही आम्ही गेटावरूनच सांगतो. गेट पडलं की स्कूटरी, रिक्षा, शाळेच्या व्हॅन, भाजीच्या गाड्या सगळं जागच्या जागी थांबतं आणि ओळखीची माणसं एकमेकांना सापडतात. कितीतरी लग्नांची बोलणी या गेटांवर सुरू झाली असतील. माझ्या एका जुन्या हिशेबाचं बोलणंही तिथंच सुरू झालं.

गेल्या जुलैतली गोष्ट. दुसरं गेट पडलं होतं. पाऊस भुरभुरत होता. स्कूटरवर मागं माझी नात, तिच्या पाठीवर शाळेचं दप्तर. आमच्या शेजारी एक जुनी स्कूटर येऊन थांबली. पाय ठेवायच्या जागेत चेंडूंची जाळी, डोक्याला टोपी, अंगात अर्धा रेनकोट. वय सत्तरीच्या पुढचं.

नातीनं मागून माझा शर्ट ओढला. "अज्जा, लोणी सर!"

आमच्या सूनबाई गोकाककडच्या. नात आईशी कन्नडात बोलते, माझ्याशी मराठीत, आणि भांडताना दोन्हीत. मी मात्र दोन्ही भाषांत अज्जाच.

"कोण सर?" मी विचारलं.

"लोणी सर. आमचे फुटबॉलचे. गोलकीपरना तेच शिकवतात."

तेवढ्यात त्या गृहस्थांनी वळून पाहिलं. "काय गं, हातमोजे वाळले काय?"

"हौदु सर," ती म्हणाली.

हनुवटीखाली डाव्या बाजूला एक जुना व्रण. ब्रेकवर ठेवलेल्या डाव्या हाताची करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी झालेली. ते माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "नमस्कार. पोरगी चांगली हाय तुमची. भीत नाही चेंडूला."

मी नमस्कार केला की नाही, आठवत नाही. मालगाडी खडखडत गेली, गेट वर झालं, मागच्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली आणि ते निघून गेले. नात म्हणाली, "अज्जा, चल की." मी स्कूटर सुरू केली तेव्हा ती दोनदा बंद पडली.

तो माणूस मला माहीत होता. त्याचं ते नावही मला माहीत होतं, कारण ते नाव मी ठेवलं होतं.

हे सांगायचं तर १९७६ सालात जावं लागेल. मी तेरा वर्षांचा होतो. वडील टपाल खात्यात. घर टिळकवाडीत, पण आमचा जीव कॅम्पात. बेळगावचं फुटबॉल म्हणजे तेव्हा मुख्यतः कॅम्प. एकीकडे लष्कर, दुसरीकडे मिशनऱ्यांच्या शाळा, त्यामुळे त्या बाजूला संध्याकाळी चेंडू दिसला नाही असं होत नसे. पावसाळा म्हणजे फुटबॉलचा हंगाम. क्रिकेटवाली मुलं घरात बसायची, आम्ही चिखलात.

आमच्या खेळाच्या मास्तरांनी आमच्या डोक्यात वेड भरलं होतं. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारतानं ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं आणि मूळच्या गोव्यातल्या नेव्हिल डिसूझानं त्यात तीन गोल मारले, ही गोष्ट त्यांनी आम्हाला इतक्यांदा सांगितली होती की तो सामना आम्ही पाहिलाच आहे असं वाटायचं. १९६२ला जकार्तात दक्षिण कोरियाला २-१ नमवून मिळवलेलं आशियाई सुवर्ण तर पाठच होतं. पण ही माणसं लांबची. आम्हाला डोळ्यांनी दिसणारा एक देव हवा होता. माझ्यापुरता तो गावातल्या एका संघाचा गोलरक्षक होता.

त्याचं नाव इथं लिहीत नाही. कारण पुढं येईलच. तेव्हा तो बावीस-तेवीस वर्षांचा असेल. उंच, सडपातळ, बोलणं कमी. सरावाच्या वेळी मी त्याच्या गोलमागं उभा राहायचो. जाळी नसायची, त्यामुळे चेंडू मागं जायचा आणि तो आणून द्यायचं काम माझं. चेंडू दिला की तो "शाब्बास रे" म्हणायचा. एकदा त्यानं माझ्या केसांतून हात फिरवला. त्या रात्री मी आईला केसांना तेल लावू दिलं नव्हतं, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये एका स्थानिक स्पर्धेचा अंतिम सामना होता. सकाळपासून पाऊस. मैदानाचं तळं झालेलं. मी नेहमीप्रमाणे गोलमागं. सामना गोलशून्य चाललेला. त्यानं दोन चेंडू असे काढले होते की समोरच्या संघाच्या लोकांनीही टाळ्या वाजवल्या. आणि शेवटची काही मिनिटं राहिली असताना लांबून एक साधा फटका आला. साधा म्हणजे अगदी साधा. तो खाली वाकला, चेंडू हातात आला, छातीशी नेला, आणि तिथून निसटला. पायांमधून संथपणे रेषेच्या पलीकडे गेला आणि माझ्या पुढ्यात येऊन थांबला.

मैदान क्षणभर गप्प. त्या शांततेत मी ओरडलो, "हाताला लोणी लावलंय काय रे!"

हे वाक्य माझं नव्हतं. झेल सोडणाऱ्या पोरांना थोरला भाऊ असं म्हणायचा. पण त्या दिवशी ते माझ्या तोंडून आलं, आणि माझा आवाज फुटायचा होता, त्यामुळे तो सगळ्यांच्या वर गेला. लोक हसले. मग डावीकडून सुरू झालं, "लोणी! लोणी!" उजवीकडे कन्नड शाळेतली पोरं होती, त्यांनी धरलं, "बेण्णी! बेण्णी!" टाळ्यांच्या तालावर. आपल्या गावात मराठी आणि कन्नड एका सुरात ओरडल्याचे प्रसंग फार नाहीत. त्या दिवशी ओरडले.

तो सामना आम्ही ०-१ हरलो. मी चेंडू उचलून त्याच्याकडे फेकला नाही, पायानं ढकलला. त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

पुढच्या सामन्याला दुसराच गोलरक्षक होता. त्याच्या पुढच्या सामन्यालाही. कोणी म्हणालं, त्यानं खेळ सोडला. १९७७च्या उन्हाळ्यात वडिलांची बदली हुबळीला झाली, घर भाड्यानं दिलं आणि बेळगाव सुटलं. नंतर माझी बँकेतली नोकरी. धारवाड, विजापूर, रायचूर, पुन्हा धारवाड. २०२३ला निवृत्त होऊन मी टिळकवाडीच्या घरात परत आलो. मधल्या सगळ्या वर्षांत माझी समजूत पक्की होती की एका चांगल्या गोलरक्षकाचा खेळ माझ्या एका वाक्यानं संपवला.

खरं सांगायचं तर ही समजूतही उशिराच झाली. पहिली वीस-पंचवीस वर्षं मी ती गोष्ट विनोद म्हणून सांगत असे. बँकेतल्या मित्रांत, पार्टीत. "एका माणसाचं नाव मी ठेवलंय" म्हणून. लोक हसायचे.

मग २०००च्या एप्रिलमध्ये विजापूरच्या शाखेत जेवणाच्या सुट्टीत इंग्रजी पेपर चाळत होतो. ब्राझीलचा जुना गोलरक्षक बार्बोसा वारल्याची बातमी होती. १९५० साली विश्वचषकाचा शेवटचा सामना रिओच्या माराकाना मैदानावर झाला. ब्राझीलला नुसती बरोबरी पुरली असती. आधी त्यांचाच गोल झाला, मग उरुग्वेनं बरोबरी साधली, आणि अकरा-बारा मिनिटं राहिली असताना घिजिया नावाच्या खेळाडूचा फटका बार्बोसा आणि जवळचा खांब यांच्यामधून आत गेला. ब्राझील १-२ हरलं. त्या एका गोलाबद्दल त्याला जन्मभर बोल लावले गेले. आपल्या देशात मोठ्यात मोठ्या गुन्ह्याला ३० वर्षांची शिक्षा आहे, मी मात्र ५० वर्षं भोगतोय, अशा अर्थाचं तो म्हातारपणी म्हणाला होता.

डबा तसाच राहिला. त्या दिवसानंतर मी ती गोष्ट विनोद म्हणून कधी सांगितली नाही. इतर कुठल्याही प्रकारे सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून सांगितलीच नाही.

आणि आता माझीच नात मला सांगत होती, "लोणी सर."

त्या संध्याकाळी मी तिला विचारलं, "त्यांना लोणी सर का म्हणतात?"

"सगळेच म्हणतात. बॉल लोण्यासारखा घ्यायचा असतो ना, म्हणून." तिच्या दृष्टीनं विषय संपला. माझी झोप उडाली.

शनिवारी सकाळी मुलाला म्हटलं, आज हिला मी सोडतो. लेले मैदानाच्या एका कोपऱ्यात ही मुलं जमतात. रात्रभर पाऊस पडून उघडला होता. गोलरक्षकांचा वेगळा गट होता, पाच मुलगे आणि दोन मुली. लोणी सर दोन खांबांच्या मध्ये उभे राहून दाखवत होते. आवाज चढत नव्हता. कधी मराठीत, कधी कन्नडात. "आवळू नको. हगूर हिडी. खालून घे. दोन्ही करंगळ्या जवळ." माझ्या नातीनं एक चेंडू सोडला. मी दचकलो. ते म्हणाले, "गेला तर गेला. हाताकडं बघ, चेंडूकडं नको बघू आता. हात कुठं होते?" ती हात बघत राहिली. मग पुढचा चेंडू.

सराव संपल्यावर ते कडेच्या कट्ट्यावर बसले. मी चहा घेऊन गेलो. माझ्यात सरळ बोलायची हिंमत नव्हती, म्हणून वळसा घेतला. "सर, हे लोणी सर नाव कसं पडलं?"

"त्याला दोन गोष्टी आहेत," ते म्हणाले. "पोरांना सांगायची एक, आणि खरी एक. कुठली पाहिजे?"

"खरी."

त्यांनी चहाचा घोट घेतला. "शाहत्तर सालची फायनल. पाऊस. तेव्हाचा चेंडू चामड्याचा. कोरडा असताना साडेचारशे ग्रॅमच्या आत असतो, पण पाणी प्यायला की दगड होतो वो. वर त्याला चिखल. हातमोजे आमच्याकडं कुठले? चौऱ्याहत्तरच्या वर्ल्ड कपात जर्मनीच्या सेप मायरनं ते भले मोठे मोजे घातले होते म्हणतात, आम्ही फोटोत बघितले. शाहऐंशीला मेक्सिकोत पहिल्यांदा बिनचामड्याचा चेंडू आला. पण ही सगळी कारणं झाली. चेंडू माझ्या हातात आला होता. मी आवळला आणि तो निसटला. गोल झाला. मागून एक पोरगं ओरडलं, हाताला लोणी लावलंय काय. झालं. तेच नाव पडलं."

"मागून?"

"गोलमागून. अगदी जवळून."

मी म्हणालो, "सर, तो मी."

पुढं काय होईल याची मी पंचवीस वर्षं कल्पना करत आलो होतो. ते रागावतील, किंवा हसून पाठीवर थाप मारतील. दोन्हीपैकी काहीच झालं नाही. त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. चेहऱ्यात ते तेरा वर्षांचं पोर शोधत असावेत.

"चेंडू आणून देणारा?"

"हो."

"टिळकवाडीचा? पोस्टातल्यांचा?"

"हो."

"मला वाटलंच होतं त्या दिवशी," ते म्हणाले. "आवाज ओळखीचा होता. म्हणून तर मागं वळलो नाही. वळलो असतो तर तूच दिसला असतास."

ते अहो-जाहोवरून अरे-तुरेवर आले होते. मला ते बरं वाटलं. मी माफीचं काहीतरी बोलू लागलो. काय बोललो ते मलाही नीट ऐकू आलं नाही. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"तुला एक गोष्ट माहीत नसणार. माझी आई लोणी विकायची."

मी गप्प.

"घरात दोन म्हशी. गाव इथून जवळच. डोक्यावर बुट्टी घेऊन ती चालत यायची, शहापूर, टिळकवाडी, दारोदार. शनिवारच्या बाजारालाही बसायची. त्या पैशांवर मी शिकलो आणि त्याच पैशांतून बूट घेतले. फायनलनंतर दोन-तीन दिवसांत आमच्या गल्लीतली पोरं मला बघून लोणी, बेण्णी ओरडायला लागली. आईला वाटलं, तिच्या धंद्यावरून चिडवतात. तिनं मला विचारलं, माझं लोणी विकणं तुला जड झालंय काय रे? मी घराबाहेर पडत नव्हतो ना, म्हणून. मी काय सांगणार तिला? नाही म्हटलं तर तिला खरं वाटेना."

मैदानावर मुलं अजून पळत होती. ते तिकडं बघत बोलत राहिले.

"त्या साली सप्टेंबरात निवड चाचणी होती. मी गेलो नाही. गेलो असतो तर निवड झालीच असती असं नाही. माझ्यापेक्षा चांगले दोघे होते. पण मी गेलो नाही. हे तुला सांगतो, कारण तू विचारायला आलास. बाकी कुणाला सांगत नाही."

ते "असू दे" म्हणाले असते तर मी हलका होऊन घरी गेलो असतो. त्यांनी तसं म्हटलं नाही, आणि ते बरोबरच होतं. जे घडलं नाही त्याचा हिशेब कुणालाच मांडता येत नाही. आमचेही एक लोणीवाल्या मावशी होत्या. शुक्रवारी यायच्या, पानात बांधलेला गोळा आईच्या पातेल्यात ठेवायच्या आणि माझ्या हातावर बोटभर लोणी द्यायच्या. त्या कोण होत्या, हे मी त्यांना विचारलं नाही. विचारायची भीती वाटली.

"मग पुन्हा कसे खेळलात?" बऱ्याच वेळानं मी म्हणालो.

इथं ते पहिल्यांदा हसले. "आईमुळंच. तिला शेवटी सगळं सांगितलं. चेंडू निसटला म्हणून लोणी म्हणतात म्हटलं. ती म्हणाली, असं होय? मग त्यांना लोण्यातलं काय कळतं? तिनं मला ताकाच्या डेऱ्यापाशी बसवलं. म्हणाली, काढ लोणी. मी मूठ मारली, बोटांतून सगळं बाहेर. ती म्हणाली, आधी हात पाण्यात बुडव. आता खालून ओंजळ ने. बोटं सैल. ते आपल्या आपण येतं, तू फक्त जागा कर. आवळलंस की गेलं. मी महिनाभर लोणी काढलं. मग एक दिवस पाऊस असताना चेंडू घेऊन मैदानावर गेलो आणि तसाच घेऊन बघितला."

त्यांनी ओंजळ करून दाखवली. करंगळ्या एकमेकींजवळ, वाकडी डावी करंगळी थोडी बाहेर. नुकतंच त्यांनी माझ्या नातीला दाखवलं होतं तेच.

पुढची सात-आठ वर्षं ते खेळले. उद्यमबागेत एका फाउंड्रीत नोकरी, पाळी संपली की मैदान. कोल्हापूरलाही सामने खेळून आले. तिथल्या तालमींचं फुटबॉलवेड त्यांनी डोळे मोठे करून सांगितलं. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही नावं घेताना त्यांचा आवाज बदलला. गुडघा गेला तेव्हा थांबले. म्हणजे माझी समजूत चुकीची होती. मी त्यांचा खेळ संपवला नव्हता. एक वर्ष घेतलं होतं, आणि एका आईला एक प्रश्न विचारायला लावला होता. तो हिशेब मी मनात धरला होता त्यापेक्षा लहान होता, पण जास्त खरा होता.

"आणि नाव? ते का ठेवलंत?" मी विचारलं.

"पोरांना शिकवायला लागलो तेव्हा मीच सांगितलं, मला लोणी सर म्हणा. कुणीतरी मागून सांगणारच होतं. त्यापेक्षा पुढून आलेलं बरं. आता निम्म्या गावाला माझं खरं नाव माहीत नाही. पेपरात लिहिलंस तर खरं नाव लिहू नको. लोणी सर लिही."

म्हणून इथं तेच लिहिलं आहे.

मी त्यांना बार्बोसाची गोष्ट सांगितली. ती त्यांना माहीत होती. ते म्हणाले, "त्याच्यापेक्षा मी पोरांना मन्नांची सांगतो." १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे बरेच खेळाडू अनवाणी खेळले. फ्रान्सकडून आपण १-२ हरलो. आपला एकमेव गोल बेंगळुरूशी नातं असलेल्या सारंगपाणी रामन यांनी केला. त्या सामन्यात भारतानं दोन पेनल्टी वाया घालवल्या, आणि त्यातली एक शैलेन मन्नांची होती. बारा यार्डांवरून, समोर २४ फूट रुंद आणि ८ फूट उंच गोल, आणि चेंडू आत गेला नाही. तीन वर्षांनी, १९५१ला दिल्लीत पहिले आशियाई खेळ झाले. भारतानं इराणला १-० हरवून सुवर्ण मिळवलं. कप्तान कोण? तेच शैलेन मन्ना.

"दोघांची चूक सारखीच बघ," सर म्हणाले. "एकाला लोकांनी पन्नास वर्षं तिथंच उभा केला. दुसऱ्याला कप्तान केलं. खेळणाऱ्याच्या हातात चेंडू असतो. बाकीचं सगळं बघणाऱ्यांच्या हातात."

चोर्ला घाट उतरला की गोवा. तिथल्या ब्रह्मानंद शंखवाळकर या गोलरक्षकानं देशाचं कप्तानपद भूषवलं, त्यांना १९९७ला अर्जुन पुरस्कार आणि २०२२ला पद्मश्री मिळाली. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ला भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात खेळला. २०२३च्या मार्चमध्ये कर्नाटकानं रियाधमध्ये मेघालयाला ३-२ हरवून ५४ वर्षांनी संतोष करंडक आणला, तेव्हा आमच्या सूनबाईंनी घरात गोड केलं होतं. आपण या सगळ्यांच्या मधोमध राहतो, आणि तिन्ही बाजूंचा अभिमान वाटून घेतो. पण आपल्याच मैदानात भिजत उभ्या राहिलेल्या माणसाला आम्ही काय दिलं, तर एक टोपणनाव.

निघताना मी विचारलं, "सर, मी काय करू?" वयाच्या बासष्टाव्या वर्षी हा प्रश्न विचारताना लाज वाटली नाही.

"रविवारी ये. माझा गुडघा दुखतो, चेंडू लोटायला माणूस पाहिजे. आणि चेंडू मागं गेला की आणून द्यायला पण. तुला सवय हाय की," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "आणि पोरीला तूच सांग. मी सांगणार नाही."

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी नातीला सगळं सांगितलं. सूनबाई भांडी आवरता आवरता ऐकत होत्या. नात मध्ये काही बोलली नाही. माझं संपल्यावर तिनं एकच विचारलं, "अज्जा, तू तेव्हा केवढा होतास?"

"तेरा वर्षांचा."

तिनं हिशेब केला. ती दहाची आहे. "म्हणजे लहान नव्हतास," ती म्हणाली आणि झोपायला गेली.

सूनबाई हळूच म्हणाल्या, "बिड्री, लहान आहे ती." पण नात बरोबर होती.

आता मी दर रविवारी मैदानावर जातो. बादलीत चेंडू बुडवून ओले करतो, मुलांकडं लोटतो, मागं गेलेले आणून देतो. कडेला पालक उभे असतात, मोबाइलवर चित्रण करत असतात. मुलानं चेंडू सोडला की कुणीतरी बाप मोठ्यानं काहीतरी बोलतो. बहुधा प्रेमानंच बोलतो. मीही प्रेमच करत होतो. तसं झालं की मी त्याच्या शेजारी जाऊन उभा राहतो आणि चहा विचारतो. एखादा विचारतो, "काका, तुम्ही पण खेळत होता काय?"

"नाही," मी सांगतो. "मी गोलमागं उभा असायचो."

गेल्या आठवड्यात पाऊस होता. नातीच्या हातून एक चेंडू निसटला आणि संथपणे माझ्यापाशी येऊन थांबला. तिनं मागं वळून माझ्याकडं पाहिलं. मी तो उचलला, शर्टाला पुसला आणि तिच्या हातात दिला. ती काही बोलली नाही. लोणी सर समोरून म्हणाले, "हं, पुढचा."